रात्री छोटं विमान उतरवताना नेमकी भीती कशाची? (पोट्टी ट्रेनिंगला आहे)

त्रिमूर्तीनगरवाली:
नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहून राहिली, चुकलं तर सांभाळून घ्या. माझी मुलगी कमर्शियल पायलटचं ट्रेनिंग करून राहिली, सेस्ना १७२ वर, स्कूलचं नाव नको. आतापर्यंत सगळं दिवसाचं होतं, आता पुढच्या आठवड्यापासून नाईट फ्लाइंग सुरू. काल फोनवर सहज बोलली की आई, सिनियर्स म्हणतात रात्री उतरताना जमीन कुठं आहे तेच समजत नाही, आणि खो खो हसली. तिचं हसून झालं पण माझी झोप गेली ना.

आमच्या गच्चीवरून रोज रात्री सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरणारी विमानं दिसतात, कधी काही वाटलं नाही. पण ती मोठी, दोन दोन पायलट, सगळं कॉम्प्युटरवर. हिचं विमान म्हणजे आमची जुनी मारुती ८०० असते ना तेवढंच, आत बसलं की खांद्याला खांदा लागतो. तिच्या बाबांना विचारलं तर म्हणे गुगल कर. केलं गुगल, तर अमेरिकेतला तो केनेडींचा मुलगा रात्री छोटं विमान घेऊन समुद्रात पडला तेच सगळ्यात आधी आलं. आता सांगा.

तर कोणी माहितगार असेल तर समजेल अशा भाषेत सांगा, रात्री उतरवणं खरंच किती कठीण असते आणि नेमका धोका कशाचा असते, इंजिन बंद पडायचा की अजून काही? आणि तिला मी काय विचारू म्हणजे ती चिडणार नाही हेही सांगा.

बिनधास्त_बर्डी:
काकू कायले टेन्शन घेता. आजकाल आयपॅडवर जीपीएस असते, रनवेला दिवे असतात, विमानाला पुढं लँडिंग लाईट असते, अजून काय पाहिजे. उलट रात्रीच सोपं राहते, उन्हाळ्यात दुपारी जे गचके बसतात ते रात्री नसतात, हवा एकदम शांत. रेडिओवर गर्दी नाही, दुसरं विमान दहा मैलावरून दिसते कारण त्याचे दिवे लुकलुकतात. माझा मावसभाऊ म्हणते दिवसापेक्षा रात्री उडवाले मजा येते. पोट्टीले उडू द्या.

उजवी_सीट:
@बिनधास्त_बर्डी भाऊ, अर्धं बरोबर बोलला तू. हवा शांत असते हे शंभर टक्के खरं, मे महिन्यात दुपारी दोन वाजता इकडं सेस्ना घेऊन फायनलवर, म्हणजे रनवेसमोरच्या शेवटच्या सरळ उतारावर, ये म्हणजे समजेल, तर्रीवरच्या शेवेसारखं हलते विमान. रात्री काही नाही, लोण्यातून चाललं असं वाटते. आणि तिथंच माणूस फसते, कारण विमान ठीक, इंजिन ठीक, हवा ठीक, आणि डोळा खोटं बोलून राहिला असते.

ताई, मी शिकवतो, उजव्या सीटवर बसून पोरांच्या लँडिंगा खातो, म्हणून नाव तसं. आधी तुमच्या गुगलचं. केनेडी ज्युनियरचं ते १९९९ मधलं, १६ जुलै, पायपर साराटोगा विमान, मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडं उतरत होते, तिघं गेले. पण ते लँडिंगमध्ये नाही झालं. खाली समुद्र, वर धूसर हवा, क्षितिजाची रेघच दिसेना, आणि फक्त उपकरणांवर उडायचं रेटिंग त्यांच्याजवळ नव्हतं. माणसाच्या कानातला तोल सांभाळणारा भाग असते ना, त्याले विमान हळूहळू वळून राहिलं हे कळतच नाही, आपण सरळच चाललो असं वाटते आणि विमान गोल फिरत खाली. तुमची पोरगी रात्री एकटी समुद्रावर जाऊन नाही राहिली, ती एअरफील्डच्या डोक्यावर गोल गोल सर्किट मारणार, दिवे दिसतील एवढ्या अंतरात. ते डोक्यातून काढा.

आता खरं कठीण काय ते. दिवसा उतरताना पोरगी फक्त रनवे पाहत नसते. आजूबाजूची शेतं, झाडं, घरं, रस्त्यावरचा ट्रक, बांधावरची म्हैस, या सगळ्यावरून तिचा डोळा उंची काढत असते, तिला स्वतःला पत्ता नसते की आपण हे करून राहिलो. रात्री हे सगळं कोणी खोडरबरानं पुसल्यासारखं होते. खाली संत्र्याची बाग असो की तलाव असो की टेकडी, सगळं एकच काळं, आणि त्या काळ्यात पुढं दिव्यांच्या दोन ओळी लटकलेल्या. याले ब्लॅक होल अप्रोच म्हणतात. अशा वेळी पायलटला वाटते आपण फार उंचावर आहो. मग ते नाक खाली करते, पॉवर काढते. दिव्यांचा आकार डोळ्यात होता तसाच दिसत राहते म्हणून वाटते सगळं बरोबर चाललं, पण विमान सरळ रेषेत न येता वाटीच्या आतून घरंगळल्यासारखं येते, म्हणजे रनवेच्या एक-दोन मैल आधीच पार खाली. तिथं झाड असलं, टेकाड असलं, वायर असली तर दिसायच्या आधीच गेलं सगळं.

आणि हे फक्त नवशिक्यांचं नाही बरं. बोइंगमध्ये कॉनरॅड क्राफ्ट म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होता, १९६० च्या दशकात त्यानं बोइंगचेच अनुभवी पायलट सिम्युलेटरमध्ये बसवले, समोर फक्त रात्रीच्या शहराचे दिवे आणि उंचीचं मीटर बंद. डोळ्याच्या भरोशावर या म्हणाला. बहुतेक जण पाहिजे त्याच्यापेक्षा पार खाली आले, हजारो तासांचे लोक. तेव्हापासून हा प्रकार अनुभवाच्या कमतरतेचा नाही तर डोळ्याचा आहे हे समजलं.

म्हणून इलाज काय, तर डोळ्यावर भरोसा ठेवायचा नाही. रनवेच्या बाजूला चार दिव्यांची एक ओळ असते, तिचं नाव पापी. (हसू नका, इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत ती, नाव पापी पण काम सगळं पुण्याचं.) दोन पांढरे दोन लाल दिसले म्हणजे बरोबर उतारावर आहे. चारही पांढरे म्हणजे फार वर. तीन लाल म्हणजे खाली चालली, पॉवर लाव. चारही लाल दिसले तर विचार करत बसायचं नाही, पॉवर लावून आधी वर.

पापी नसेल तर हिशोब. तीन अंशाचा उतार म्हणजे एका नॉटिकल मैलाला ३०० फूट. तीन मैलावर आहे तर जमिनीपासून ९०० फूट पाहिजे. आता नागपूरची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून हजार फुटाच्या वर आहे, आणि मीटर समुद्रापासून मोजते, म्हणजे तीन मैलावर मीटरवर साधारण १९५० च्या घरात दिसलं पाहिजे. मी पोरांना हे आकडे जमिनीवरच पाठ करायला लावतो, वर बेरीज करायला कोणाचंच डोकं चालत नाही, माझंही नाही.

बिनधास्त_बर्डी:
ओके सर ते समजलं, पण शेवटी लँडिंग लाईट असतेच ना? जवळ आलं की जमीन दिसते, मग काय प्रॉब्लेम

उजवी_सीट:
हाव, दिसते. एवढासा तुकडा दिसते. आणि पोरं त्याच तुकड्याकडं टक लावून बसतात, डांबरावरचे टायरचे काळे पट्टे दिसले की मग नाक उचलू म्हणून वाट पाहतात, तोपर्यंत धाडकन बसते विमान. नाहीतर उलटं, घाबरून दहा फूट आधीच उचलतात आणि मग हवेतून दगडासारखं पडते. नजर लांब पाहिजे, रनवेच्या पार टोकाकडं. दोन्ही बाजूचे दिवे वर उठून राहिले, आपल्या खांद्याजवळ येऊन राहिले असं वाटायला लागलं की हळूच नाक धरायचं. थोडी पॉवर ठेवून विमानाला स्वतःच बसू द्यायचं. आणि लँडिंग लाईटचा बल्ब कधी जाईल याचा नेम नसते, म्हणून मी दोन-चार लँडिंग लाईट बंद करूनच करवतो. पहिल्यांदा बंद केली की बाजूच्या सीटवरून आई आठवल्याचा आवाज येते.

अजून एक, रुंदीचा घोळ. नागपूरची धावपट्टी ४५ मीटर रुंद. ज्या पोराची सवय छोट्या, अरुंद पट्टीची आहे ते इथं आलं की त्याला वाटते आपण खाली आलो, म्हणून लवकर नाक उचलते. इथलं पोरगं अरुंद पट्टीवर गेलं की उलट, वाटते अजून उंच आहो, आणि खाली खाली जात राहते. दिवसाही होते हे, पण रात्री दुप्पट.

चष्मेवाला_धंतोली:
उजवी_सीट यांनी डोळ्याला खोटारडा म्हटलं म्हणून डोळ्याच्या वतीनं बोलावं लागते 🙂

डोळा खोटा नाही हो, अंधारात त्याचे कामगार बदलतात. उजेडात शंकूपेशी काम करतात, त्या मधोमध असतात, बारीक दिसते, रंग दिसते. अंधारात दंडपेशी कामाला लागतात, त्या कडेला असतात आणि त्यांना पूर्ण तयार व्हायला अर्धा तास लागतो. अर्धा तास! आणि मध्येच कोणी मोबाईलचा स्क्रीन फुल ब्राइट करून तोंडासमोर धरला की गेला तो अर्धा तास पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मुलीला सांगा उडायच्या आधी व्हॉट्सॲप बंद, कॉकपिटमधला उजेड अगदी मंद.

दुसरं म्हणजे मधोमध दंडपेशी नसल्यामुळं अंधारात एखाद्या मिणमिणत्या गोष्टीकडं एकदम सरळ पाहिलं तर ती गायब होते. थोडं बाजूला पाहायचं मग दिसते. विश्वास नसेल तर आज गच्चीवर जाऊन एखाद्या बारीक चांदणीवर करून पाहा. आणि अंधारात एकाच दिव्याकडं टक लावली तर दहा-एक सेकंदात तो दिवा हलल्यासारखा वाटते, स्थिर असला तरी. पायलट त्याला दुसरं विमान समजून बसलेत असे प्रकार झालेत. नजर फिरती ठेवायची.

आणि कोणीतरी आता गाजर खायला सांगणारच आहे म्हणून आधीच सांगून ठेवतो, अ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तरच गाजराचा उपयोग. पोट भरून जेवणाऱ्या मुलीला दोन किलो गाजरानं रातांधळेपणाच्या उलटं काही होत नाही. मात्र बारीक नंबर असेल तर चष्मा घालूनच उडायचं, अंधारात बाहुली मोठी होते आणि दिवसा न जाणवणारा पाव नंबर रात्री दिव्यांना शेपट्या लावते.

टॉवरकाका:
मी बत्तीस वर्षं कंट्रोल टॉवरमध्ये काढली, वेगवेगळ्या गावी, आता रिटायर होऊन मनीषनगरात रिकामा बसून आहे म्हणून लांबलचक लिहीन, माफ करा.

ताई, पहिले कायद्याचं. आपल्याकडं सूर्य मावळल्यावर २० मिनिटांनी डोळ्यानं पाहून उडायची म्हणजे व्हीएफआरची वेळ संपते, ती दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या २० मिनिटं आधीपर्यंत. टॉवरनं सूट दिलेली लोकल फ्लाइट आणि क्लबांचं ट्रेनिंग तेवढं चालते. म्हणजे तुमची मुलगी रात्री वर जाणार तेव्हा कोणीतरी टॉवरमध्ये जागं बसून तिच्याकडंच पाहत असते. सीपीएल म्हणजे कमर्शियल पायलटच्या लायसन्ससाठी रात्रीचे ५ तास आणि स्वतः पायलट म्हणून १० टेकऑफ, १० लँडिंग लागतात, आणि त्याच्या आधी इन्स्ट्रक्टर सोबत बसून हात बसवून घेतोच.

माझ्या हिशोबानं डोळ्याच्या फसवणुकीखालोखाल तीन गोष्टी.

धुकं. डिसेंबर-जानेवारीत तापमान आणि दवबिंदू यात दोन-तीन अंशांचा फरक राहिला की मी तर खुर्चीतून उठून खिडकीशी जायचो. जमिनीलगतचं पातळ धुकं फार हरामी असते. वरून सरळ खाली पाहिलं तर रनवेचे दिवे लख्ख दिसतात, कारण थर असतो तीस-चाळीस फुटांचा. पायलट म्हणतो रनवे इन साईट. पण उतरताना त्याच थरातून तिरकं, लांबवर पाहावं लागते, आणि ऐन नाक उचलायच्या वेळी समोरचं सगळं दूध होते. अशा वेळी तिथंच उतरायचा हट्ट नाही, पॉवर लावून वर आणि दुसरीकडं. कारमध्ये बसून हायबीम मारल्यावर धुक्यात काय होते ते आठवा, लँडिंग लाईटही तेच करते.

जनावरं. २०१५ च्या डिसेंबरात जबलपूरला रात्री उतरणाऱ्या टर्बोप्रॉप विमानाला रनवेवर रानडुकरं आडवी आली, चाक बसलं, विमान बाजूला गेलं, सुदैवानं माणसं वाचली. ते सत्तर-ऐंशी सीटचं होतं. सेस्नाला कुत्रा पुरतो. आम्ही रात्री सर्किट सुरू व्हायच्या आधी जीप पाठवायचो पट्टीवर, तरी एखादं कोल्हं कुठून निघेल सांगता येत नाही.

तिसरं वीज. छोट्या विमानात अल्टरनेटर, म्हणजे वीज बनवणारं यंत्र, गेला की बॅटरी किती वेळ पुरेल त्यावर सगळं, आणि ती संपली की बाहेरचे दिवे गेले, रेडिओ गेला, सेस्ना १७२ चे फ्लॅप, म्हणजे हळू उतरता यावं म्हणून पंखांच्या मागून खाली येणारे पत्रे, तेही विजेवरच, तेही गेले. इंजिन मात्र चालूच राहते कारण त्याला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, हे लोकांना माहीत नसते. एकदा असंच झालं, अंधार पडत आलेला, एक ट्रेनर विमान बोलायचंच बंद झालं. आकाशात नुसता आवाज, दिवा नाही काही नाही. मग टॉवरमधली दिव्याची बंदूक काढली, हो, बंदूकच म्हणतात तिला, आणि आवाजाच्या दिशेनं स्थिर हिरवा दाखवला, म्हणजे उतर. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे, वरच गोल फिरत राहा. लुकलुकता लाल म्हणजे इथं उतरूच नको. एरवी रात्री पायलट आपले दिवे दोनदा उघडझाप करून समजलं म्हणून सांगतो, पण याच्याजवळ दिवेच नव्हते, त्यामुळं त्याला दिसलं की नाही हे तो पट्टीवर टेकेपर्यंत आम्हाला समजलं नाही. तेवढ्या चार मिनिटांत माझा चहा निवून साय धरली. पोरगं उतरलं मस्त, फ्लॅपशिवाय, खिशातला टॉर्च दातात धरून स्पीड वाचत आलं होतं. तर मुलीला सांगा टॉर्च दोन ठेव, एक गळ्यात.

रात्रपाळी_इतवारी:
विषय थोडा वेगळा पण नागपूरकरांना अभिमान वाटावा म्हणून लिहितो. आपल्या सोनेगावला रात्रीची विमानं काही नवी नाहीत. १९४९ च्या ३० जानेवारीपासून नाईट एअर मेल सुरू झाली, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री होते तेव्हा. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास चारही गावांहून टपालाच्या थैल्या भरून विमानं निघायची, मध्यरात्रीनंतर सगळी नागपुरात एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. १९७३ पर्यंत चाललं. माझे वडील टपालात, ते सांगायचे अख्खं शहर झोपलेलं आणि पट्टीवर जत्रा. सुरुवातीला सगळी डकोटा विमानं. जीपीएस नाही, पापी नाही काही नाही. १९५३ च्या डिसेंबरात मद्रासला निघालेलं डकोटा रात्री टेकऑफ झाल्याबरोबर इथंच पडलं, एकटा पायलट वाचला. तरी दुसऱ्या रात्री मेल निघालीच असं वडील म्हणायचे.

बिनधास्त_बर्डी:
बाप्पा. मी आपला जीपीएस सांगून राहिलो होतो. @उजवी_सीट सर एक शंका, मग इंजिन बंद पडलं तर? काकूंनी ते विचारलं होतं, त्याचं उत्तर कोणीच देऊन नाही राहिलं

उजवी_सीट:
मुद्दाम नव्हतं दिलं. दिवसा बंद पडलं तर शेत निवडता येते, रात्री निवडायला काही दिसत नाही, एवढं खरं आहे आणि ते गोड करून सांगता येत नाही. पण सिंगल इंजिनचं इंजिन रात्र झाली म्हणून जास्त बंद पडत नाही, त्याला काय माहीत सूर्य बुडाला की नाही. इंधन संपवणं आणि पाणी मिसळलेलं इंधन न तपासणं, हे जमिनीवरच टाळता येते. म्हणून रात्रीच्या आधीची तपासणी मी टॉर्च घेऊन दुप्पट वेळ करवतो. आणि सर्किट थोडं जवळून मारायचं, म्हणजे काही झालंच तर दिव्यांपर्यंत तरंगत येता आलं पाहिजे. ताई तुम्ही तिला इंजिनचं विचारू नका, चिडेल. "पापी काय म्हणत होता" एवढंच विचारा.

त्रिमूर्तीनगरवाली:
दहा दिवसांनी लिहून राहिली, मध्ये घरात लग्न होतं. सगळ्यांचे खूप आभार, टॉवरकाकांचा तो चहा वाचून तर मीच घामाघूम झाली.

तिचं झालं नाईट सुरू. पहिल्या रात्री फोन आला साडेदहाला. मी एकदम शांतपणे विचारलं, काय गं, पापी काय म्हणत होता? दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणे आई तुला हे कोणी सांगितलं. मग आपोआपच बोलायला लागली. पहिल्या खेपेला तीन लाल दिसले म्हणे, सरांनी काही न बोलता फक्त बोट दाखवलं, तिनं पॉवर लावली. तिला खरंच वाटत होतं की आपण उंच आहो, अगदी खात्रीनं, म्हणे आई मी भांडले असते त्या दिव्यांशी. दुसऱ्या खेपेला बरोबर आली पण वरूनच नाक उचललं आणि धप्प. सर म्हणे पाठीचं एक्सरे बिल पाठवतो तुझ्या बाबांना. पाचवी लँडिंग बरी झाली. लाईट बंद करून अजून व्हायची आहे.

टॉर्च दोन घेऊन दिल्या, एक गळ्यात अडकवायची. तिच्या बाबांनीच आणल्या सीताबर्डीवरून, न सांगता.

आणि @चष्मेवाला_धंतोली तुमचं उत्तर यायच्या आधीच मी दोन किलो गाजर आणून ठेवलं होतं. हलवा केला.